चेनभाऊ

मातीत चालवायच्या दोन मोटारसायकली जिथं शेजारी शेजारी उभ्या राहतात, तिथं मागच्या चाकापाशी एक तिसरा माणूस उकिडवा बसलेला असतो. गाडी त्याची नसते. त्याला कोणी बोलावलेलंही नसतं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायम काळी असते, आणि गाडीच्या मालकाशी बोलण्याआधी तो गाडीच्या चेनची विचारपूस करतो. पुण्यात आमच्या कंपूत त्याला चेनभाऊ म्हणतात. नाशिकच्या कंपूत दुसरं काही म्हणत असतील, कोल्हापुरात तिसरं; माणूस तोच.

आमचे चेनभाऊ पंचेचाळिशीच्या आसपासचे. भोसरीच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आहेत, आणि ते खातं संध्याकाळी कारखान्याबरोबर बंद होत नाही. लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी कार्यालयाच्या पार्किंगमधून एक फेरी होते. मग पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला, हातात जिलबी असताना, ते सांगतात, "बाहेर ती निळी गाडी तुमची का? दोन महिने आहेत तुमच्याकडे." तो बिचारा घास घशात अडकवून बसतो. दोन महिने चेनचे आहेत हे कळेपर्यंत मठ्ठा येऊन जातो.

तपासणीची त्यांची पद्धत ठरलेली आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठच्या टोकाला चेन चिमटीत धरायची आणि मागे ओढायची. चेन धड असेल तर दाताला चिकटून राहते. झिजली असेल तर उचलली जाते आणि खालचा दात उघडा पडतो. अर्धा दात दिसला की चेनभाऊ चिमूट सोडतात, मान वर करतात आणि मालकाला म्हणतात, "दात बघितलेस का स्वतःचे?" मालक नकळत तोंड मिटून घेतो. दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील तर निकाल आणखी कडक: चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदम बदलायचे. जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ते दात तिला आपल्यासारखी करून सोडतात.

इथवर ठीक आहे. खरी गंमत "मग कुठली चेन घेऊ?" हे विचारल्यावर सुरू होते, कारण या प्रश्नाला चेनभाऊ उत्तर देत नाहीत. ते उलट विचारतात, "तू चालवतोस कुठं?"

साधा प्रश्न आहे, पण याला खरं उत्तर दिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. परवा हिंजवडीतल्या एका कंपनीतला पोरगा आला होता. गाडी नवी, बूट गुडघ्यापर्यंत, हेल्मेटला चोच. म्हणाला, "भाऊ, रेसिंगची चेन घ्यायची आहे. सील नसलेली, सोनेरी. माझं रायडिंग एकदम हार्डकोर असतं."

"म्हणजे कुठं?"

"एन्ड्युरो."

"सोमवार ते शुक्रवार?"

"ऑफिस."

"शनिवार?"

"झोपतो."

"रविवार?"

"ताम्हिणी. मिसळ खायला."

"त्यात माती किती?"

पोरगा विचारात पडला. "वाकडला रस्ता खोदलाय ना भाऊ, तिथं बरीच आहे."

चेनभाऊ हसले नाहीत. अशा वेळी ते कधीच हसत नाहीत. जमिनीवर फतकल मारून त्यांनी समजावायला सुरुवात केली. सीलवाल्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्या फटीत कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. पट्ट्यांच्या मधे बसवलेली रबराची रिंग ते ग्रीस आत कोंडते आणि चिखलाला बाहेर ठेवते. रिंग गोल काटाची असली की ओ-रिंग. फुलीच्या काटाची असली की एक्स-रिंग, जी बारीक कडांवर टेकते म्हणून कमी घासते. रिंगा आल्या की चेन थोडी जड होते, थोडी रुंद होते, थोडी ताकद खाते. मोटोक्रॉसवाल्यांना तेवढंही नको असतं, म्हणून ते बिनसीलची वापरतात आणि तिला सारखं तेल पाजतात, सारखी बदलतात. "त्यांच्यामागं मेकॅनिक असतो, मेकॅनिकमागं खर्च करणारा असतो," चेनभाऊ म्हणाले. "तुझ्यामागं कोण आहे?"

"आई," पोरगा म्हणाला.

"मग सीलवाली घे."

पोरानं शेवटचा बाण काढला. "पण भाऊ, डाकारवाले काय वापरतात?" डाकार रॅली हा चेनभाऊंचा हळवा कोपरा. २०१५ साली सी. एस. संतोष ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि २०२४ मध्ये हरिथ नोआनं तिथं रॅली-२ हा वर्गच जिंकला, हे ते घरच्या कार्याइतक्या अभिमानानं सांगतात. सांगून झाल्यावर म्हणाले, "त्या दोघांपैकी एकालाही हिंजवडीच्या चौकात अर्धा तास क्लच दाबून उभं राहावं लागत नाही. तुझे हाल वेगळे, तुझी चेन वेगळी."

आकड्यांचं प्रकरण निघालं की चेनभाऊ सुताराच्या भाषेत शिरतात. चेनवर ५२० लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं हा मॉडेल नंबर. चेनभाऊ म्हणतात, हा हिशोब सुतात आहे, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिला पाच म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत पाच सूत, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. वीस म्हणजे आतली रुंदी दोन सूत. ५२५ची अडीच, ५३०ची तीन. ४२८ची पिन-ते-पिन चार सूत, म्हणजे अर्धा इंच. "आणि तिची रुंदी?" असं कोणी विचारलंच तर चेनभाऊंचा चेहरा पडतो, कारण नियमानं ती २.८ सूत यायला हवी आणि येते अडीच. "तिथं कोणीतरी घोळ घातलाय," ते पुटपुटतात. वरवर शांत असतात, पण हा घोळ त्यांना मनातून फार लागलेला आहे.

मुद्दा इतकाच, की स्प्रॉकेट ज्या नंबरचं, चेन त्याच नंबरची. आवडली म्हणून ५२० आणली आणि गाडीला ४२८चे दात असले तर ती दाराला लावायची. आणि मोठा आकडा म्हणजे मजबूत चेन हेही खरं नाही. मोठमोठ्या एन्ड्युरो गाड्या ५२०वरच धावतात. मजबुती पट्टीच्या जाडीत आणि पोलादात असते. सोनेरी रंगात तर मुळीच नसते.

गिअरिंगचा सल्ला ते मिसळीच्या बिलाच्या पाठीवर देतात. पुढं १३ दात, मागं ३९, भागाकार तीन. चढाला जोर हवा म्हणून पुढचा एक दात कमी केला की भागाकार ३.२५, मागं तीन वाढवून ४२ केले तरी जवळपास तेवढाच, ३.२३. पुढचा बदल स्वस्तात पडतो, पण लहान चाकावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागचा महाग, आणि चेनच्या कड्या वाढवाव्या लागतील ते वेगळंच. एवढं सांगून ते बिल खिशात घालतात. हॉटेलवाल्याचे पैसे राहतात ते राहतातच.

एकदा मुळशीच्या वाटेवर टपरीजवळ त्यांनी ताण तपासण्याचं प्रात्यक्षिक दिलं. मातीतल्या गाड्यांचं सस्पेन्शन लांब असतं. गाडी स्टँडवर असताना चेन योग्य वाटली, तरी उडी मारून खाली आल्यावर चाक वर सरकतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेव्हाही थोडी ढिली राहिली पाहिजे. नाहीतर ती स्वतः तुटेल किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग घेऊन जाईल. हे सिद्ध करायला त्यांनी कंपूतले तिघे जण एका गाडीवर चढवले. रेष जुळेना. मग टपरीवाल्याला बोलावलं. तो हातातल्या किटलीसकट बसला. चेनभाऊ खाली आडवे पडून ओरडत होते, "अजून दोन किलो!" तेवढ्यात एसटी थांबली आणि कंडक्टरनं विचारलं, "काय मोजताय?" चेनभाऊ खालूनच म्हणाले, "तुम्ही बसता का जरा?"

नाना पेठेत, जिथं दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं दाटीवाटीनं उभी आहेत, तिथं चेनभाऊ आले की एका शेठच्या पोटात गोळा येतो. शेठ गिऱ्हाइकाला महागाची चेन दाखवतात. चेनभाऊ शेजारी उभे राहून स्वस्तातली घ्यायला लावतात. पट्टीवरचा छाप नीट उमटलाय का, खोक्यावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर एक आहे का, हे बघतात. चेनचं लॉक हातात घेऊन गिऱ्हाइकाला बजावतात, "क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागं. माणसांनाही हाच नियम लावावा." मग पेट्रोलनं धुवायची नाही, रिंगा खराब होतात, रॉकेल चालेल, तारेचा ब्रश नको, धुलाई सेंटरवाल्याचा पाण्याचा झोत रिंगांवर मारायचा नाही, वाळली की नव्वद नंबरचं गिअर ऑइल. शेठनी शेवटी त्यांना आत खुर्ची दिली आणि चहा सुरू केला, म्हणजे निदान काउंटर मोकळं राहील. आता गिऱ्हाईक आधी आत जाऊन येतं.

चेनभाऊंच्या स्वतःच्या गाडीला काय आहे? कंपनीनं दिलेली साधी ४२८, काळीभोर, तेल लावून पुसलेली. "मी भोसरीला जातो आणि रविवारी तुमच्यामागं धूळ खातो," ते म्हणतात. "मला एवढी पुरे."

त्यामुळे दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला गेलो तेव्हा वहिनींनी जे सांगितलं त्यानं आम्ही गार पडलो. लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात, एक खोकं आहे. आत ५२०ची, बिनसीलची, सोनेरी मोटोक्रॉस चेन. जुन्या एका बोनसमधून आणलेली. "या घरात सोन्याच्या चेन दोनच," वहिनी चकली पुढं करत म्हणाल्या, "एक माझी, एक यांची. माझी मी निदान लग्नाकार्यात घालते. यांची तर यांच्या गाडीला बसतसुद्धा नाही."

सगळ्यांनी चेनभाऊंकडे पाहिलं. हिंजवडीचा पोरगाही होता. त्याच्या डोळ्यांत कित्येक रविवारांचा हिशोब चुकता होत होता. "भाऊ," त्यानं विचारलं, "तुम्ही चालवता कुठं?"

चेनभाऊंनी चकलीचा तुकडा मोडला, सवयीनं चिमटीत धरून ताणून पाहिला आणि जराही न अडखळता म्हणाले, "हे बघ, रेसर असल्याचं स्वप्न मलाही पडतं. पण ते कपाटात ठेवलं तर गुपचूप बसतं. गाडीला लावलं की दर रविवारी तेल मागतं."