साडूभाऊंची गोळी

दुसऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग आधी दिसतो आणि सदऱ्यातला माणूस नंतर, असा एक गृहस्थ प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला येतोच. आमच्या वाट्याला साडू आले. ते अमेरिकेत फीनिक्सला राहतात, म्हणजे शुद्ध वाळवंटात, आणि त्यांच्या परसात पोहण्याचा तलाव आहे. तलाव आहे म्हणून ते कुणाला बोलावत नाहीत. तलावाला डाग पडलेत म्हणून बोलावतात.

घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी प्रश्न येतो, "तुम्हाला पोहता येतं ना?" भोळा पाहुणा हो म्हणतो, बॅगेतून पोहायची चड्डी काढतो आणि माणूस दिलदार आहे असं मनाशी ठरवून काठावर येतो. तिथे साडूभाऊ त्याच्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवतात. सी व्हिटॅमिन, पाचशे मिलिग्रॅम. "खायची नाही. खाली तळाशी तपकिरी ठिपका दिसतोय? त्यावर दाबून धरायची आणि मनात तीस आकडे मोजायचे. घाई करायची नाही." पाहुणा अठराला धापा टाकत वर येतो. साडूभाऊ त्याला परत पाठवतात. एका भाचेजावयाला त्यांनी इतक्या वेळा खाली धाडलं, की तो पुढच्या खेपेला फीनिक्स टाळून परस्पर लास व्हेगासला गेला.

स्वतः साडूभाऊंना पोहता येत नाही. उथळ भागातले डाग ते काठावरूनच तपासतात. लांब दांडीच्या टोकाला जुना पायमोजा, मोज्यात गोळी. मेव्हणीच्या घरात जोडीने असलेला मोजा सापडणं कठीण.

आपल्याकडच्या सोसायट्यांच्या तलावांना सहसा टाइल्स असतात. तिकडे परसातल्या तलावाला आतून प्लास्टर करतात, पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी कालवून. दिसतं सुरेख. पण पांढऱ्यावर काय लपणार? लोखंडाचा डाग तपकिरी, तांब्याचा हिरवट निळा, मँगनीजचा जांभळट काळा. बोगनवेलीच्या पाकळ्या तळाशी कुजल्या की त्यांचा वेगळाच. डोळ्यांना मात्र लोखंड आणि पालापाचोळा सारखेच दिसतात, म्हणून परीक्षा. सी व्हिटॅमिनची गोळी धरल्यावर डाग फिका झाला तर तो धातूचा. क्लोरीनने फिका झाला तर झाडापाल्याचा. दोन्हींना दाद न देता खरखरीत पांढरा थर तसाच राहिला तर कॅल्शियम, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं. एवढं सगळं मला पाठ आहे, कारण ते मला जेवताना, गाडीत आणि एकदा ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभं राहून ऐकवण्यात आलं. समोरच्या तांबड्या खडकांकडे बघून साडूभाऊ एवढंच म्हणाले, "सगळं लोखंड." बोलणं खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

गोळी त्यांच्या खिशात कायम असते. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकांच्या रेशमी कुर्त्यावर वरण सांडलं. बायकांनी लगेच साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. सगळे हळहळले. साडूभाऊंचा चेहरा उजळला. "साबण अल्कली! हळद लाल झाली म्हणजे पीएच साडेआठाच्या वर!" खिशातून गोळी निघाली, ओली करून डागावर घासली गेली आणि लाल पुन्हा पिवळा झाला. टाळ्या पडल्या. कुर्तेवाले नम्रपणे म्हणाले, "पण पिवळा अजून आहे." त्यावर साडूभाऊ म्हणाले, "पिवळा माझ्या विषयात येत नाही."

गाजलेलं प्रकरण मात्र कढीपत्त्याचं. तलावाच्या एकाच कडेला तपकिरी ओघळ दिसू लागले. पहिला संशय आकड्यांवर. कुणाच्या केसातला आकडा तळाशी पडला, तर दोन दिवसांत हुबेहूब त्याच आकाराचा गंज उमटतो. आकडा सापडला नाही. मग साडूभाऊंना भलतंच सुचलं: काँक्रीटच्या आतल्या सळया तर गंजल्या नाहीत? तसं असेल तर गोळीही हरते, प्लास्टर फोडावं लागतं. त्या काळात ते नीट जेवत नव्हते. शेवटी कडेकडेने माग काढत ते मेव्हणीच्या कुंड्यांपाशी पोचले. तिथल्या अल्कली मातीत आणि जड पाण्यात कढीपत्ता पिवळा पडतो, म्हणून ती बिचारी त्याला लोहाची पूड घालत होती. पाणी घातलं की लोह झिरपून तलावात. कढीपत्त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला हद्दपार करण्यात आलं, आणि मेव्हणीने निषेध म्हणून बिनफोडणीचं वरण वाढलं.

डाग मग सगळ्या तलावाचेच काढायचे ठरले. आधी क्लोरीन शून्यावर आणायचं, कारण आपण टाकलेलं सी व्हिटॅमिन क्लोरीनच खाऊन टाकतं. मग दहा हजार गॅलनला साधारण अर्धा पौंड पूड पसरायची. डाग डोळ्यांदेखत गेले. साडूभाऊंनी पेढे वाटले. पण लोखंड कुठे जात नाही, फक्त पाण्यात विरघळतं. त्याला धरून ठेवणारं आणखी एक रसायन घालून क्लोरीन हळूहळू वाढवत न्यावं लागतं, नाहीतर ते पुन्हा भिंतीवर येऊन बसतं. तोवर बाहेर 43 अंश ऊन आणि पाण्यात क्लोरीन नाही. आठवड्याच्या आत तपकिरी डागांचा तलाव एकसारखा हिरवा झाला. पेढे परत मागणं तेवढं त्यांनी टाळलं.

दर गुरुवारी येणारा पूलवाला हे सगळं शांतपणे बघतो. त्याचा सल्ला वर्षानुवर्षं एकच आहे: पाणी सोडून द्या, ॲसिडने धुऊन देतो, दोन दिवसांत कोरा करकरीत. साडूभाऊ ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी एकदा विचारलं, एवढा खर्च करताच आहात तर एकदाचं धुऊन का नाही घेत? ते म्हणाले, ॲसिडने प्लास्टरचा थर जातो. हेही खरंच आहे. पण खरं कारण मेव्हणीने स्वयंपाकघरात सांगितलं.

हे गृहस्थ माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात शाळकरी पोर होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात सुकडी शिजायची, आणि अंगाने लहान म्हणून यांना विहिरीत उतरवायचे. खाली झऱ्यापाशी बसून वाटीने पाणी घागरीत भरायचं. वाटी भरायला वेळ लागायचा, तोवर आकडे मोजत बसायचं. पोहायला शिकायचे कुठे?

आता त्यांच्या परसात 15 हजार गॅलन पाणी आहे, म्हणजे सुमारे 57 हजार लिटर. त्यांनी केव्हाच हिशेब केला आहे: दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पावणेसहा टँकर. गावाकडे अजून टँकर येतो. "पावणेसहा टँकर गटारात सोडू?" असं त्यांनी पूलवाल्याला मराठीतच विचारलं होतं म्हणे.

मी तरी कशाला गप्प बसेन? मी म्हटलं, साडूभाऊ, या उन्हात वर्षाला पाच-सहा फूट पाणी नुसतं उडून जातं. तुमचा अख्खा तलाव दर वर्षी रिकामाच होतो, तुम्ही नळाने भरता एवढंच. आणि पाणी उडतं तेव्हा कॅल्शियम मागेच राहतं, तेच डाग तुम्ही घासत बसता. ते बराच वेळ काठावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उडतं ते वर जातं. ओतणं वेगळं." या युक्तिवादाला रसायनशास्त्रात उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी मी न सांगता गोळी घेऊन पाण्यात उतरलो आणि पुरते तीस मोजले. याचा त्यांनी फार गैरसमज करून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या दिल्या.

पांढरं प्लास्टर नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं टिकतं. साडूभाऊंच्या तलावाचं हे चौदावं वर्ष आहे. नवं प्लास्टर करायचं तर तलाव आधी रिकामा करावा लागतो, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्याकडे कुणी गेलात, तर वाटेल तेवढ्या गोळ्या दाबून धरा, पण हा विषय काढू नका.