दुबार पीक

भात कापून झालं की अलिबागकडे शेताच्या त्याच ओलीवर वाल टाकतात, कुठे पांढरा कांदा लावतात. हे आमचं दुबार पीक. खारेपाटात ती सोय नाही. जमीन खारी, भात एकदा झोडलं की वर्ष संपलं. मतदार यादीत मात्र खारेपाट नाही. तिथे दुबार पीक सगळीकडे सारखं येतं, आणि त्याला पाणीही लागत नाही.

आमचे थोरले काका त्या पिकातलेच. चाळीस वर्षं लालबागला, गणपती आणि शिमग्याला गावी. नाव तिकडेही, नाव इकडेही. 2024 च्या लोकसभेला रायगडचं मतदान 7 मे रोजी आणि मुंबईचं 20 मे रोजी होतं. काकांनी गावच्या केंद्रावर शाई लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून बोटावर लिंबू, चुना, पपईचा चीक असे प्रयोग सुरू केले. तेराव्या दिवशी सुतक फिटतं. शाई फिटली नाही. काका मुंबईला जाऊन नुसते नातवाला भेटून आले. विधानसभेला ती उमेदही राहिली नाही. 20 नोव्हेंबरला, बुधवारी, सगळ्या 288 मतदारसंघांत एकदम मतदान.

यादी तपासायला आलेल्या बीएलओ म्हणजे आमच्या अंगणवाडीच्याच बाई. काखेत यादी, पिशवीत पोषण आहाराची वही.

"काका, तुम्ही झोपता कुठे?"

"या वयात झोप लागते कुठे, बाई!"

बाईंचा प्रश्न कायद्याला धरूनच होता. नाव कुठल्या यादीत घालायचं, तर माणूस जिथला 'सर्वसाधारण रहिवासी' तिथल्या. हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1950 पासून आहे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी होत नाही, असंही त्याच्या कलम 20 मध्ये आहे. हे एवढं वाक्य घेऊन आवास-किहीमपासून नागावपर्यंत चालत गेलं, तर पाच बेडरूमच्या बंगल्यात कायदेशीर मतदार एकटा राखणदार उरेल. मी अशाच एका राखणदाराला विचारलं, बाबा, तुझं नाव आहे का यादीत? तो म्हणाला, शेठ रविवारी येतात, विचारून सांगतो.

तेच कलम पुढे आमदार-खासदारांना सांभाळून घेतं. सभागृहाच्या कामासाठी ते मतदारसंघाबाहेर राहिले, तरी तिथले रहिवासीच. पाच वर्षांत ज्यांचं दर्शन झालं नाही ते कायद्याने सतत आमच्यातच होते, हे कळल्यावर मला उगाच अपराधी वाटलं. उमेदवाराला तर एवढीही अट नाही. खुल्या जागेवर विधानसभा लढवायची तर वय 25 हवं आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव हवं. श्रीवर्धनमध्ये मत द्यायला श्रीवर्धनला राहावं लागतं. मत मागायला गडचिरोलीच्या यादीतलं नावही चालतं.

आणि दुबारपणाचा एवढा राग असेल तर 2014 ची लोकसभा आठवावी. इथे सुनील तटकरे दोन होते: एक माहितीतले, दुसरे अपक्ष. अपक्षांना 9,849 मतं पडली आणि माहितीतले अनंत गीतेंकडून 2,110 मतांनी हरले. एक नाव दोन याद्यांत असलं तर मतदाराची चौकशी. एक नाव दोन उमेदवारांना असलं तर निवडणुकीचा रंग.

खऱ्या रहिवाशाची गोष्ट वेगळीच. खलाशी मासेमारीला गेला म्हणून त्याचा रहिवास मोडत नाही, कायद्याची तेवढी मेहेरबानी आहे. पण मत द्यायचं तर केंद्रावर उभं राहावं लागतं. सैनिकाला टपाली मत, 85 वर्षांपुढच्या आजीला घरबसल्या मत. आठ दिवस समुद्रात असलेल्या खलाशाने काय करायचं? नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम. म्हसळ्याचा मुलगा कुवेतला असला तर त्याला फॉर्म 6अ भरून नाव घालता येतं. पण मतदानाला यावं लागतं म्हसळ्यालाच, तेही स्वतःच्या खर्चाने. लोकशाहीची किंमत किती, असं व्याख्यानात विचारतात. त्याला ती विमान कंपनी सांगते.

माझं स्वतःचं दुखणं साधं आहे. एका निवडणुकीत माझ्याजवळ कार्ड होतं, यादीत नाव नव्हतं. कार्ड म्हणजे ओळख, हक्क यादीत. नाव असेल तर आधार, पॅन, अगदी रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं. नाव नसेल तर झळझळीत मतदार कार्डही बिनकामाचं. मी 'स्थलांतरित' झालो होतो म्हणे. केंद्र असलेली शाळा आमच्या ओटीवरून दिसते.

तर काकांना बाईंनी शेवटी फॉर्म 7 दिला. नाव वगळण्याचा. काका दोन दिवस तो घेऊन नुसते बसले. गावच्या यादीतून नाव काढणं म्हणजे घरावरची कौलं उतरवल्यासारखं वाटतं, असं म्हणाले. नाव राहिलं तर काका हंगामी, गेलं तर पाहुणे. तरी भरला.

तुमचंही नाव दोन ठिकाणी असेल तर एकीकडचं काढा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8, पहिल्यांदाच नोंदवायचं तर फॉर्म 6. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव चढत नाही, म्हणून आधीच भरा. अडलं तर 1950 ला फोन लावा. कायद्याचं सालही तेच, लक्षात राहतं. आणि फॉर्म 7 भरताना कारणाचा रकाना चष्मा लावून वाचा. काकांनी 'मृत'वर खूण केली होती. बाईंनी पाहिलं म्हणून बरं.