एका घासाने काय होतंय!

काकांच्या फोडणीतून आधी लसूण गेला, मग कांदा गेला, आणि दोघांची उणीव भरून काढायला काकूंनी मोठ्या विश्वासाने हिंगाची नवी डबी आणली. डबीच्या पाठीवर, चष्म्यालाही चष्मा लागावा अशा अक्षरांत लिहिलं होतं: खाद्य डिंक, मैदा, हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारात तो डिंक आणि पीठ मिसळून विकतात. कुठे तांदळाचं पीठ असतं, पण पुष्कळ डब्यांत गव्हाचंच. चोर पकडायला नेमलेला शिपाई चोराचा मेहुणा निघावा, तसं झालं. कारण काकांच्या घरातून पहिला हद्दपार झाला होता तो गहूच.

काका ठाण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. हिमोग्लोबिन कित्येक वर्षं खाली, लोहाच्या गोळ्या गिळूनही आकडा जागचा हलत नव्हता. पोटाच्या तक्रारी ‘गॅस’ या सदरात मोडणाऱ्या, म्हणजे मराठी घरात ज्याला आजार मानत नाहीत अशा. शेवटी टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा कण काढून पाहिला आणि निदान झालं: सिलिअॅक. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारी आतली लव झिजते, मग लोह रक्तात शिरणार कुठून? उपाय एकच. गहू बंद, आणि तोही जन्मभर.

“हा पंजाबी लोकांचा आजार ना?” असं सोसायटीतल्या सगळ्यांनी विचारून घेतलं. प्रश्न अगदीच वेडगळ नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात सव्वा आणि दक्षिणेत हजारात एक, असं प्रमाण आढळलं होतं. लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक ताटात किती गहू पडतो याचा. बँकेच्या डब्यात आयुष्यभर चार पोळ्या नेणाऱ्या काकांनी आपली बाजू फार पूर्वीच निवडलेली होती.

गहू सोडणं एक वेळ सोपं, गव्हाची सावली सोडणं कठीण. भारतीय नियमांप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असेल तर पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिता येत नाही. हा हिशेब घेऊन काका गिरणीत गेले. ज्वारीवर ज्वारी टाका, गव्हावर नको, हे तर आपल्याकडच्या बायका पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. पण त्यांना काळजी भाकरीची असते, आतड्याची नव्हे. काकांनी गिरणी आतून पुसून घ्यायला सांगितली. “काका, हिला पुसायला घेतली तर दिवाळीपर्यंत बंद ठेवावी लागेल,” गिरणीवाला म्हणाला. घरघंटी आली. भाजणी नव्याने लिहिली गेली, कारण थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरीच्या गर्दीत मूठभर गहू बसलेला असतोच.

एवढं करूनही पोट फुगायचं ते फुगतच होतं. दूध प्यायलं की नगारा. उसळ खाल्ली की नगारा. काकांची भाची आहारतज्ज्ञ. तिने वही काढली. “मामा, दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्या झिजलेल्या लवेतच तयार होतं. लव परत आली की दूधही बहुधा परत येईल. तोवर ताक थोडं, तूप हवं तेवढं.” तुपाचं नाव ऐकून काकांचा विज्ञानावर विश्वास बसला. कांदा-लसणाचं प्रकरण निराळं. त्यांत फ्रुक्टान असतं, तेच गव्हातही असतं. ते आतड्यात पचत नाही, पुढे जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू होतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक गंमत दाखवली. सिलिअॅक नसूनही ग्लुटेन बाधतं म्हणणाऱ्या 59 जणांना त्यांनी आळीपाळीने ग्लुटेनच्या, फ्रुक्टानच्या आणि यांपैकी काहीच नसलेल्या वड्या खाऊ घातल्या, कुठली कोणती ते न सांगता. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने दिला. काकांना मात्र ग्लुटेनही बाधत होतं आणि फ्रुक्टानही. गहू दोन्ही कलमांखाली दोषी.

भाचीने एक पळवाट दिली. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात तळायचा, पाणी पडायच्या आत पाकळ्या काढायच्या. वास राहतो, त्रास जातो. काढलेल्या पाकळ्या काकू खातात. सगळ्या प्रकरणात तब्येत सुधारलेलं माणूस घरात एकच, त्या स्वतः.

मधल्या काळात एका पुतण्याने प्रेमापोटी आयजीजी प्रतिपिंडांची ‘संवेदनशीलता’ तपासणी करवली. काका रोज जे जे खात होते ते सगळं अहवालात लाल रंगात आलं, ज्वारी आणि तांदूळसुद्धा. यात नवल काहीच नाही. ही प्रतिपिंडं बहुतांशी तुम्ही काय खात आलात एवढंच सांगतात, आणि अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना अशा निदानासाठी ही तपासणी वापरू नका म्हणतात. आपण काय जेवतो हे पैसे भरून कळवून घेण्यापेक्षा काकूंना विचारलं असतं.

आता उरली माणसं. सत्यनारायणाच्या प्रसादात रवा, दूध, केळं. त्यातलं केळं तेवढं निर्दोष. 1924 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर सिडनी हास यांनी सिलिअॅकच्या मुलांना केळ्यांवर भर असलेल्या आहारावर ठेवलं होतं. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना गेलं. खरा गुन्हेगार गहू, हे पुढे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवलं; 1944-45च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांचे रुग्ण बरे दिसू लागले होते, पाव आल्यावर पुन्हा आजारी पडले. हे सगळं काकांनी शेजारच्या वहिनींना ऐकवलं. वहिनींनी शांतपणे पोथीतल्या कलावतीने प्रसाद टाकला म्हणून तिच्या नवऱ्याची नौका बुडाल्याची आठवण दिली आणि म्हणाल्या, “एका घासाने काय होतंय!”

त्या दिवशी काकांच्या तोंडून आपोआप गेलं, “आज उपास आहे.” वहिनींनी हात जोडले. आतड्यासाठी सोडलेला घास लोक आग्रहाने भरवतात, देवासाठी सोडला तर पाया पडतात. शिवाय उपासाचं ताट ग्लुटेनच्या हिशेबात चोख: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. काकांनी संकष्टी धरली, मग सोमवार, मग सोमवारचा मंगळवार केला. सोसायटीत त्यांचा अधिकार इतका वाढला की गणपतीत आरतीचं तबक आधी त्यांच्या हाती येतं. जन्मभर नास्तिक राहिलेल्या माणसाला हे जड जातं, पण खिचडी बरी असते.

सध्या वही दुसऱ्या टप्प्यात आहे. सोडलेलं सगळं कायमचं सोडायचं नाही, गहू सोडून; एकेक पदार्थ थोडाथोडा परत आणायचा आणि एका वेळी एकच, नाहीतर गुन्हा कुणाचा ते कळत नाही. दूध पास झालं. या आठवड्यात कांदा, पुढच्यात आंबा. नेमकं कांद्याच्या आठवड्यात पुतणीचं लग्न आलं आणि जेवणात आमरस ठरला. काकांनी मुलीच्या सासऱ्यांना फोन लावून मुहूर्त आठ दिवस पुढे नेता येईल का, असं विचारायला सुरुवात केली होती, काकूंनी फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, “काही नाही हो, त्यांचा उपास सुटायचाय.”