गाईडला कोण शिकवणार?

संध्याकाळचे साडेसहा. केबिनबाहेरच्या बाकावर पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी बसली आहे. मोबाइलवर वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे प्रथिन शोधायच्या चाचणीचा फोटो. पट्टा दिसायला हवा ती जागा कोरी, सलग तिसऱ्यांदा. सर बाहेर येतात, चालता चालता फोटो बघतात. "काहीच नाही आलं. परत कर." आणि लिफ्टकडे निघून जातात. ती परत करणार. आणखी दोन-तीन दिवस जाणार, महागडी अँटिबॉडी जाणार, आणि चूक सापडली नाही तर चौथा ब्लॉटही कोराच येणार.

सर दोन मिनिटं थांबले असते तर विचारता आलं असतं, "ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेनला पॉन्सो रंग लावलास? गुलाबी पट्टे दिसले?" दिसले नसतील तर प्रथिनं जेलमधून मेम्ब्रेनवर आलेलीच नाहीत, चूक ट्रान्सफरमध्ये शोधायची. दिसले असतील तर अँटिबॉडी तपासायची, आणि ते प्रथिन हमखास असलेला एक नमुना सोबत चालवायचा. एवढ्या बोलण्यातून मुलीला पुढची वाट सापडते. चूक कशी शोधायची हेही ती शिकते, आणि हे शिक्षण तिला जन्मभर पुरतं.

सरांना हे सगळं चांगलं माहीत आहे. त्यांना प्रयोग येतो. प्रयोग करणारा माणूस कसा घडवायचा, हे मात्र त्यांना कधीच कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्या सरांनी त्यांना "परत कर" म्हटलं होतं, तेच ते पुढच्या पिढीला देतात.

आता नियम बघा. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे गाईड व्हायला प्रोफेसर आणि असोसिएट प्रोफेसरचे किमान पाच शोधनिबंध लागतात, असिस्टंट प्रोफेसरचे तीन. प्रोफेसरला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार. त्याच नियमावलीत विद्यार्थ्याने अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं, असं बंधन आहे. विद्यार्थ्याला कोर्सवर्क आहे, संशोधनाच्या नीतिमत्तेचा कोर्स आहे, दर सत्रात समितीपुढे हजेरी आहे. आठ जणांची पाच-सहा वर्षं ज्याच्या हातात दिली, त्याने मात्र मार्गदर्शनाचा एक तासही शिकलेला असावा, अशी अट नाही.

मेडिकल कॉलेजांमध्ये प्राध्यापकांना बढतीसाठी मेडिकल एज्युकेशन टेक्नॉलॉजीचा आणि बायोमेडिकल रिसर्चचा असे दोन पायाभूत कोर्स करावे लागतात. ही चांगली गोष्ट आहे. पण एकाचा भर वर्गात शिकवण्यावर, दुसऱ्याचा संशोधनपद्धतीवर. नाइट ड्यूटी करून आलेल्या रेसिडेंटला थीसिससाठी उभं कसं करायचं, तिला कधी धरायचं आणि कधी मोकळं सोडायचं, हा विषय राहूनच जातो.

हे शिकवता येतं का? येतं, आणि ते तपासूनही झालं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात जो हँडल्समन, क्रिस्टीन फंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधक-मार्गदर्शकांसाठी अभ्यासक्रम बांधला. 'एंटरिंग मेंटरिंग' हे त्याचं पुस्तक 2005 मध्ये आलं. पुढे त्यातूनच बेतलेल्या आठ तासांच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली, तीही नव्या औषधाची घेतात तशी. 16 संस्था, मार्गदर्शक-विद्यार्थ्यांच्या 283 जोड्या. कोणाला प्रशिक्षण द्यायचं आणि कोणाला नाही, हे यदृच्छेने ठरवलं. निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण घेतलेल्यांची कौशल्यं दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढल्याचं दिसलं. माणूस स्वतःला जास्तच गुण देतो, असं कोणी म्हणेल. पण त्यांच्या विद्यार्थ्यांनीही त्यांच्या वागण्यातला बदल नोंदवला. आठ तास म्हणजे एका सेमिनारचा दिवस, तोही चहा-जेवणासकट!

या आठ तासांत भाषणं ठोकत नाहीत. सात-आठ प्राध्यापक गोल बसतात आणि प्रसंगांवर बोलतात. विद्यार्थी आठवडाभर फिरकला नाही, काय कराल? पेपरवर पहिलं नाव कोणाचं, यावरून दोघे भांडताहेत, आधी काय ठरवायला हवं होतं? विद्यार्थी मान डोलावतो, पण त्याला समजलंय का, हे कसं ओळखाल? त्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तुम्ही कधी हात सोडाल? घरात पहिल्यांदाच कोणी पीएचडी करतंय, तर त्याला कोणत्या गोष्टी न विचारता सांगाल?

सगळ्यात जास्त भर असतो अपेक्षा आधीच बोलून घेण्यावर. एक पानाचा कागद पुरतो. आठवड्यातून किती वेळा भेटायचं, ड्राफ्ट किती दिवसांत परत मिळेल, लेखकांचा क्रम कसा ठरेल, सुट्टी कशी घ्यायची. दोघांनी सह्या करायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

या कागदाची किंमत मला कळते. पीएचडीच्या दिवसांत माझा एक ड्राफ्ट माझ्या गाईडच्या टेबलावर सात महिने पडून होता. मी रोज त्या टेबलापाशी जायचो आणि विचारायचं धाडस न करता परत यायचो. गाईड वाईट नव्हते. ड्राफ्ट कधी परत मिळणार, हे आमच्यात कधी बोललंच गेलं नव्हतं. त्या काळात दुसऱ्या एका गटाचं जवळपास तेच काम छापून आलं. त्या दिवशी मी लॅबच्या मागच्या जिन्यात बसून रडलो.

आपल्याकडे गुरुशिष्य परंपरा आहे, असलं प्रशिक्षण कशाला, असं अनेक ज्येष्ठ मला सांगतात. परंपरेचंच उदाहरण घेऊ. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. त्या बाई आहेत म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला आणि शेवटी एक वर्षाच्या परीक्षाकाळावर घेतलं. गाईड मिळाले श्रीनिवासय्या. शिस्त कडक, कामाचा रेटा जबर, पण शिकवताना हातचं काही राखलं नाही. वर्षभरात कमलाबाईंनी रामन यांना आपल्या कामाने उत्तर दिलं आणि पुढच्या मुलींना दार उघडून दिलं. पुढे केंब्रिजहून 1939 मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. एकाच आवारात एक माणूस त्यांची वाट अडवत होता आणि दुसरा त्यांना घडवत होता. श्रीनिवासय्या भेटले हे कमलाबाईंचं नशीब. आजच्या मुलींना नशिबावर सोडून आपल्याला चालणार नाही. चांगला गाईड मिळणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो, पुण्या-मुंबईची विद्यापीठं असोत की संशोधन संस्था, गाईड म्हणून मान्यता देण्याआधी मार्गदर्शनाचं आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं करा. जुन्या गाईडांनाही बसवा, पहिल्या रांगेत विभागप्रमुखांना बसवा. एक पानाचा करार प्रत्येक जोडीकडून भरून घ्या. गाईड कसा आहे, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी नाव न लिहिता सांगता येईल अशी सोय करा, कारण ज्याच्या सहीवर फेलोशिप पुढे चालते त्याच्याबद्दल तोंड उघडायला कोणी धजत नाही.

यासाठी नवी इमारत नको, नवं यंत्र नको. गाईडशिपच्या अर्जात शोधनिबंधांच्या रकान्याखाली फक्त एक रकाना वाढवा: मार्गदर्शनाचं प्रशिक्षण पूर्ण केलं आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर विद्यार्थी देऊ नका.