डाग आतून की बाहेरून?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीत कुठल्याही मजल्यावर जा, एकच वाद चालू असतो. "अहो, तो डाग बाहेरून आहे." "अगं, बाहेरून मी आत्ताच पुसलंय, आतून आहे तो." फ्रिजलाही दोन बाजू असतात, पण मागची बाजू भिंतीकडे तोंड करून गप्प बसते आणि घर बदलेपर्यंत तिचा विषय निघत नाही. काच मात्र दोन्हीकडचा मळ एकदमच दाखवते आणि कुठला कुणाचा ते सांगत नाही.

यावर उपाय आहे. आतून पुसताना हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा. मागे राहिलेली रेघ आडवी असेल तर दोष आतल्याचा, उभी असेल तर बाहेरच्याचा. ही युक्ती आमच्या घरात मुलीने आणली. बाहेरची बाजू माझ्याकडे असते. तेव्हापासून मला संशयाचा फायदा मिळणं बंद झालं.

बाकीचं शास्त्र साधं आहे, फक्त ते पाळण्याइतका धीर कुणाला नसतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. थेट पाणी मारलं की रस्त्यावरच्या आणि शेजारच्या बांधकामाच्या धुळीचा चिखल होतो, आणि त्यातली वाळू फडक्याखाली सापडून काचेवर चरे पाडते. कबुतरांची कृपा झाली असेल, तर तिच्यावर ओलं फडकं थोडा वेळ ठेवायचं. सुरी काढायची नाही. बादलीभर पाण्यात साबण अगदी थेंबभर, कारण जेवढा फेस तेवढ्या रेघा. मग रबरी वायपर वरून खाली ओढायचा आणि दर वेळी त्याची पट्टी पुसून घ्यायची. हे शेवटचं कुणीच करत नाही. शिवाय उन्हात हे काम काढायचं नाही, कारण पुसायच्या आत पाणी वाळतं. पण रेघा दिसतात त्या फक्त उन्हात! म्हणजे संध्याकाळी पुसायचं आणि दहावीच्या निकालासारखी दुसऱ्या सकाळची वाट बघायची.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके हे निराळंच प्रकरण. ते क्षारांचे असल्यामुळे साबणाला दाद देत नाहीत. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर लावून थोडं थांबलं की विरघळतात. मात्र त्या दिवशी घरी येणारा प्रत्येक जण "आज नूडल्स का?" असं विचारतो.

माझ्या आत्याला यातलं काहीच मान्य नाही. काच पुसावी तर वर्तमानपत्राच्या बोळ्याने, असं तिचं मत. त्यात तथ्य आहे. जुन्या बनियनचे धागे काचेला चिकटतात, कागदाचे चिकटत नाहीत. (पांढऱ्या चौकटीला शाई लागते, तिकडे ती बघत नाही.) अडचण एवढीच, की बोळा करण्याआधी आत्या पान वाचते, आणि तेही निधनवार्तांचं. "अगं बाई, हे गेले?" मग चष्मा, मग फोन. तीन महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाच्या घरी ताजं दुःख पोचवून ती परत येते, तोवर काच आपली आपण वाळलेली असते.

खरी परीक्षा सरकत्या खिडकीची. एक काच सरकवून मोकळ्या जागेतून हात बाहेर घालायचा, कोपरात वळवायचा आणि दुसऱ्या काचेची पाठ पुसायची. हात संपतो तिथून पुढे कोपऱ्यात वीतभर पट्टा उरतोच. तो आमच्या घरात बिल्डरने ताबा दिला त्या दिवसापासून तसाच आहे. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता आणि तो वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, असं इतिहास सांगतो. मला करापेक्षा या पट्ट्याचा संशय जास्त येतो.

आत बसून बाहेरची काच पुसायचा विचार नीट केला तो अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत असताना ट्रामच्या चालकाचे हाल त्यांनी पाहिले आणि आतून दांडा हलवला की बाहेर रबराची पट्टी फिरेल असा वायपर काढला. १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. मोटारींचं भलं झालं, बिऱ्हाडांकडे कुणी पाहिलं नाही.

म्हणून मी चुंबकाचा पुसणा मागवला. त्याचे दोन ठोकळे असतात, एक आत, एक बाहेर. आतला फिरवला की बाहेरचा मागोमाग येतो. काच किती जाड आहे ते बघून घ्यावा लागतो. जाड काचेवर चुंबकाची पकड सुटते. बाहेरच्या ठोकळ्याला दोरी बांधून दुसरं टोक घरात बांधायचं असतं. ते का, हे पहिल्याच कोपऱ्यावर कळलं. ठोकळा सुटला आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीसमोर लोंबकळू लागला. मी हळूहळू दोरी ओढत होतो, तेवढ्यात खालच्या वहिनींची हाक आली.

"काका, वर ओढू नका इतक्यात! जरा डावीकडे घ्या ना, आमचा कोपरा राहिलाय."