बोंबलून लपणारा

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्यात आमच्या टोळीतल्या ह्या गड्याच्या पेशाचं नाव रोग. मराठी घरात एवढ्यावरच पंचाईत होते. "मी कायम रोगच असतो," हे ह्याचं फोनवरचं वाक्य कानावर पडल्यापासून आमची आई त्याच्यासाठी वेगळा काढा करते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा त्यात लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू एवढेच होते. पुढच्याच वर्षी पुरवणीतून चोर, म्हणजे आजचा रोग, आला. तेव्हापासून हा प्रत्येक टेबलावर, कुठल्या ना कुठल्या खांबामागे उभा आहे.

आमचा तलवारबाज राक्षसाच्या तोंडाशी मुकाट मार खात असतो. मग ह्याची पाळी येते. हा खुर्ची मागे सारून उभा राहतो आणि खालच्या वॉचमनलाही कळेल अशा आवाजात जाहीर करतो, "मी गुपचूप सटकतोय!" लपायला इतकी बोंब मारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता नियम. पाळीत एक ॲक्शन, थोडं चालणं, आणि रोगाला दुसऱ्या लेव्हलपासून बोनस ॲक्शनमध्ये तीन सोयी: धावा, अंग सोडवून घ्या किंवा लपा. तिन्हींपैकी एक. शत्रूजवळून तसंच निघालात तर तो जाता जाता एक फुकटचा वार करतो. अंग सोडवून घेतलंत तर करत नाही. म्हणजे हाणून सुटता येतं, किंवा हाणून लपता येतं. ह्याला हाणायचंही असतं, सुटायचंही असतं आणि लपायचंही.

"फुकटचा वार दिसणाऱ्यावरच होतो ना? मी लपलोय. दिसतच नाही. मग मारणार कोण?"

"अरे, तू त्याच्या नाकासमोर उभा आहेस," डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो.

"त्याचं लक्ष नाहीये."

इथून पुढे वीस मिनिटं जातात. खेळातली अख्खी फेरी सहा सेकंदांची धरतात, हे मुद्दाम सांगतो.

नियमांची पुस्तकं हा दोन बाळगतो. २०१४च्या नियमांत लपणाऱ्याच्या फाशाची बेरीज समोरच्याच्या सावधपणाशी ताडून बघतात. २०२४च्या नियमांत आधी किमान १५ लागतात. बेरीज १३ झाली की २०१४चं पुस्तक उघडतं, राक्षस चांगलाच सावध निघाला की २०२४चं. पळपुटा म्हणायची सोय नाही, लगेच गनिमी कावा निघतो. गनिमी काव्यात मावळे परत येत, हा फक्त लूट वाटायला येतो. मराठीत पळण्याला पोबारा म्हणतात, तो शब्दही मुळात फाशांच्या डावातलाच. हे मी एकदा त्याला सांगून बसलो. आता दर वेळी फासा टाकताना "पोबारा!" असं ओरडून मगच लपतो.

त्याला तोडीस तोड एकदाच भेटला. गुहेत पाच गॉब्लिन होते. २०१४च्या पुस्तकातल्या गॉब्लिनला हीच विद्या जन्मजात असते: बोनस ॲक्शनमध्ये सुटका किंवा लपणं. त्यातला एक, उण्यापुऱ्या सात प्राणांचा, डाव्या खांबामागे लपला. हा उजव्या. तो डोकावला, बाण सोडला, लपला. ह्याने डोकावून बाण सोडला, लपला. कोणाचाच कोणाला लागेना. पाचव्या फेरीला मी चहा टाकला. चहा होईस्तोवर बाकीच्यांनी उरलेले चार गॉब्लिन संपवले, पेटी फोडली, मोहरा वाटल्या आणि ओझ्यासकट गुहेबाहेर पडले.

डीएमने नकाशा पुसायला फडकं उचललं, तशी ह्याने त्या उजव्या खांबावर पंजा ठेवला आणि, चार वर्षांत पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो गेला का, बघ ना."