बापूंची एन्क्वायरी

‘क्रॅश बॅरियर 2 किमी बेस्ट रेट अर्जंट.’ खाली जोडलेले दोन हात. बापूंची एन्क्वायरी एवढीच असते.

बापू कराडकडचे. मोठ्या कंत्राटदारांच्या हाताखाली रस्त्याची किरकोळ कामं घेतात. बोर्ड, पट्टे, कॅट आय, आणि कडेचं लोखंडी बॅरियर. मी बॅरियर बनवणाऱ्या कारखान्यात कोटेशनच्या टेबलावर बसतो. त्यामुळे त्या एका ओळीतून खांब, पट्ट्या, स्पेसर, बोल्ट वेगळे काढून त्यांची बेरीज मांडायचं काम माझ्याकडे येतं. अर्थात आधी फोन लावावा लागतो.

“बापू, डब्ल्यू बीम की थ्राय बीम?”

“आवो, हायवेला असतंय ते.”

“हायवेला दोन्ही असतात. दोन वळ्यांची पट्टी, नाहीतर तीन वळ्यांची.”

“नेहमीचं द्या की.”

“नेहमीचं म्हणजे?”

“बांबूचं नको.”

वणी-वरोरा महामार्गावर 2023 साली बांबूचं क्रॅश बॅरियर लावलं, 200 मीटर, त्याला ‘बाहू बल्ली’ नाव दिलं, ही बातमी बापूंनी वाचलेली असते. तेवढं एक स्पेसिफिकेशन ते आपणहून देतात.

“बरं, सिंगल साइड की डबल?”

“रस्त्याला दोन बाजू असत्यात साहेब. तुम्ही गाडी चालवता न्हवं?”

डबल म्हणजे दुभाजकातल्या एकाच खांबाला दोन्ही अंगांनी पट्टी, हे बापूंना सांगायला जावं तर पलीकडे रेंज जाते. बापूंची रेंज फार समजूतदार आहे. दोन किलोमीटर हा रस्ता आहे की पट्टी, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. रस्ता असेल आणि दोन्ही कडांना बॅरियर असेल, तर माल चार किलोमीटरचा. मी कोटेशनमध्ये ‘दोन किलोमीटर, एका बाजूची पट्टी’ असं ठळक टाइप करतो. ती ओळ बापू वाचत नाहीत, कारण ते थेट शेवटचं पान उघडतात.

एकदा मी टेंडरमधला आयटम मागितला. खात्याच्या कागदात सगळं असतंच: पट्टी 3 मिमी जाड, खांब 150 बाय 75 बाय 5 चा चॅनेल, लांबी 1.8 मीटर, दोन खांबांत 2 मीटर अंतर, तेवढ्याच चॅनेलचा 330 मिमीचा स्पेसर, सगळ्याला गरम बुडीचं जस्त, चौरस मीटरला 550 ग्रॅम. अर्धं पान भरेल एवढं एक वाक्य. बापूंनी त्याचा फोटो पाठवला. फोटोत वाक्याचा डावा अर्धा भाग होता, आणि उरलेल्या जागी बापूंचा अंगठा. अंगठा बरोबर जाडीवर होता.

जस्ताचं विचारलं तर म्हणाले, “चकचकीत पायजे.” आता चकाकी आणि जाडी यांचा काही संबंध नाही. 550 ग्रॅम म्हणजे साधारण 77 मायक्रॉन, ते मीटर लावून मोजावं लागतं. नवा माल तसाही चकाकतोच. खरी परीक्षा कोकणातल्या दोनचार पावसाळ्यांनंतर होते, पण तोवर बापूंचं बिल निघालेलं असतं आणि माझंही.

खरी मौज तुकड्यांची. कागदावर दोन किलोमीटर सलग असतं. जागेवर मात्र मध्ये शेतरस्ता येतो, एसटीचा थांबा येतो, कुणाची तरी विहीर येते, म्हसोबा येतो. प्रत्येक फटीला पट्टी एकदा संपते आणि पुन्हा सुरू होते, म्हणजे टोकं दोनाने वाढतात. टोक उघडं सोडता येत नाही. आदळलेल्या गाडीत ते भाल्यासारखं घुसतं, म्हणून तिथे वेगळा एंड टर्मिनल लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे लागतात. लांबी कमी झाली तरी बिल वाढू शकतं, हे गणित बापूंना पटत नाही. “माल कमी झाला आन् पैसं जादा? ही कुठली शाळा?”

पुलावर खांब रोवता येत नाही, खाली प्लेट आणि अँकर बोल्ट लागतात. घाटात खडक लागला तर ठोकून खांब उतरत नाही, आधी भोक पाडावं लागतं. 45 मीटरपेक्षा आखूड त्रिज्येचं वळण असेल तर पट्टी कारखान्यातच वाकवून पाठवावी लागते. यातलं काहीही मी विचारलं की बापूंचं उत्तर एकच: “त्ये जाग्यावर बघू.”

मला बरेच दिवस वाटायचं, माणूस भोळा आहे.

मग एकदा बापू कारखान्यात आले. चहा येईपर्यंत यार्डात हिंडून येतो म्हणाले. एका खाजगी कंपाउंडसाठी काढलेल्या पट्ट्यांची थप्पी तिथे पडली होती. बापूंनी चप्पल काढून बाजूला ठेवली, का ते देव जाणे. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, नखाने एकदा टिचकी मारली आणि म्हणाले, “ही पावणेतीनची हाय.” मी व्हर्नियर मागवला. 2.74 भरली. पुढे बोल्टच्या भोकाजवळ वाकले आणि म्हणाले, “भोकं आधी, जस्त नंतर. ह्ये बरं केलंय.” त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर इंडियन रोड्स काँग्रेसचं 119 नंबरचं पुस्तक होतं, बॅरियरच्या मार्गदर्शक सूचनांचं, 2015 चं. पानांचे कोपरे दुमडून काळे झाले होते.

तेव्हा लख्ख उजेड पडला. बापूंना सगळं ठाऊक असतं. फक्त लिहायचं नसतं. जे लिहिलं ते मागितलेलं ठरतं आणि मागितलेल्याचे पैसे लागतात. जे लिहिलंच नाही, ते माल उतरल्यावर फोन करून म्हणता येतं, “साहेब, बोल्ट कुठायत?”

“बोल्ट वेगळे होते, बापू. कोटेशनमध्ये लिहिलंय.”

“बोल्टाबिगर बॅरियर कोण बसवतंय ओ? ते धरलेलंच असतंय की.”

हे वाक्य किती महाग आहे ते बघा. चार मीटरच्या हिशोबाने दोन किलोमीटरला 500 पट्ट्या. प्रत्येक जोडाला आठ बोल्ट. म्हणजे चार हजारांच्या आसपास बोल्ट नुसते जोडांचे, आणि वर हजारेक खांबांचे वेगळे. एवढं लोखंड बापूंनी मनातल्या मनात धरलेलं असतं.

दर तुलना करायची त्यांची तऱ्हाही अशीच. तीन कारखान्यांकडून तीन कोटेशनं: एक मीटरवर, एक किलोवर, एक नगावर, एकात जीएसटी आत, दुसऱ्यात 18 टक्के बाहेर, एक गाडीभाड्यासह, एक गाडीभाडं सोडून. बापू तिन्ही शेजारी ठेवतात आणि सगळ्यांत लहान आकड्यावर बोट ठेवतात. मी समजावलं, की मीटरच्या दरात पट्टी पातळ करण्यात देणाऱ्याचा फायदा, 3 ची अडीच मिमी केली की सहावा हिस्सा लोखंड गायब. आणि किलोच्या दरात जाड करण्यात. बापू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मग तुम्ही जाडी 3 ची द्या आन् रेट मीटरचा लावा. दोगंबी सुखी.”

शेवटी मी बावीस रकाने असलेला एक तक्ता तयार केला. बीमचा प्रकार, बाजू, खांबाची लांबी, टोकांची संख्या, पूल, वळणं, जस्त, बोल्ट, वाहतूक, सगळं. तक्ता भरल्याशिवाय कोटेशन नाही, असं मालकांकडून वदवून घेतलं आणि बापूंना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भरून परत. एकही रकाना रिकामा नाही.

डब्ल्यू बीम की थ्राय बीम? – हो.

खांबाची लांबी? – पुरेशी.

टोकांची संख्या? – लागतील तशी.

जस्त? – भरपूर.

वाहतूक कोणाकडे? – आपल्याकडे.

खाली सही, तारीख आणि शिक्का. शिक्का चांगला दाबून मारलेला, जीएसटी नंबरातला आकडा न् आकडा वाचता येत होता.